हैती एकोणसाठ, मंडळ शंभर

या, असे पुढे सरकून बसा. मागच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालेल, खुर्च्यांना कथा लागत नाही. एका राज्याच्या पडझडीची गोष्ट सांगतो. तिच्यात टोळ्या आहेत, हद्दी आहेत, एक तबला आहे, एक पेटी आहे आणि मधून मधून देवाचं नाव आहे. तेव्हा बिनघोर ऐका.

कीर्तनात आधी सिद्धांत येतो, मग आख्यान. तर सिद्धांत असा की, कुठलंही राज्य कोसळलं आहे की नाही हे त्या राज्यात राहणाऱ्यांना समजू शकत नाही. ते बिचारे पाणी भरण्यात, मुलं मोजून घरात घेण्यात आणि आज कुठला रस्ता चालू आहे हे विचारण्यात गुंतलेले असतात. राज्य कोसळल्याचं शास्त्रशुद्ध ज्ञान व्हायला पुरेसं अंतर, अखंड वीज आणि तळमजल्यावर कॉफीचं यंत्र लागतं. दोन हजार चार साली या तिन्ही सोयी जर्मनीत आखन शहराजवळच्या एका गावी, एका संस्थेत उपलब्ध होत्या.

संस्थेचं जर्मन नाव हा एकच शब्द होता आणि तो लेटरहेडवर दोन ओळी घेत असे. आपण तिला राज्यभंग मापन संस्था म्हणू. तिचे प्रमुख प्रोफेसर डॉक्टर डॉक्टर एबरहार्ड क्लिंकमान. (डॉक्टर दोनदा लिहिलं आहे, ती छपाईची चूक नव्हे. जर्मनीत दोन डॉक्टरक्या मिळवलेल्या माणसाला एकदाच डॉक्टर म्हणणं म्हणजे त्याचं अर्धं आयुष्य नाकारणं.) त्यांची पहिली डॉक्टरकी राज्यशास्त्रातली आणि दुसरी पुलांमधली. राज्य काय आणि पूल काय, दोन्ही उद्घाटनानंतरच पडतात, हे जगात प्रथम त्यांच्या ध्यानात आलं, आणि इतकी साधी गोष्ट आधीच्या विद्वानांना दिसू नये याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

त्यांच्या हाताखाली मल्हार सबनीस हा मिरजेचा मुलगा पीएच.डी. करत होता. तो आला होता पोलादी तुळईवर वारंवार भार पडला की भेगा कशा वाढत जातात ते शोधायला. दुसऱ्या वर्षी पोलादाचं अनुदान संपलं आणि राज्यभंगाचं सुरू झालं. प्रोफेसरांनी त्याला बोलावून सांगितलं, "आल्झो, तर मग, हेर सबनीस, सूत्र तेच ठेवायचं. पोलादाच्या जागी हैती घाला."

मल्हार आज्ञाधारक होता. त्यानं हैती घातला.

हैती हा कॅरिबियन समुद्रातला लहानसा देश. त्या वर्षी फेब्रुवारीत त्याचे अध्यक्ष देश सोडून निघून गेले होते. राजधानीतल्या वस्त्या हत्यारबंद टोळ्यांनी आपसांत वाटून घेतल्या होत्या. (वाटणीबद्दल कोणाची तक्रार असली तर ती बंदुकीनं नोंदवली जाई आणि तिचा निकाल तत्काळ लागे. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टांनी विचार करावा.) पोलीस होते, पण ते आज कोणाचे आहेत हे आधी विचारून घ्यावं लागे. अशा देशाला तुळई समजून मल्हार रोज सकाळी भार द्यायचा आणि भेग मोजायचा. अध्यक्ष किती, रस्त्यावरचे अडसर किती, आदेश देणारे किती आणि ऐकणारे किती, सामाईक मालमत्ता कोणाच्या कुलपात, असे घटक होते. बेरीज शंभरावर पोचली की राज्य 'कोसळलेलं'. शंभराच्या आत असेल तर 'तडे गेलेलं, निरीक्षणाखाली'. हैती सत्त्याण्णववर अडकला होता.

तो का अडकला हे कळायला हवं. संस्थेनं हैतीच्या सरकारकडे एक लांबलचक प्रश्नावली पाठवली होती. ती कोणी भरणार नाही आणि राज्य संपल्याचं त्यावरून सिद्ध होईल, असा प्रोफेसरांचा रास्त अंदाज होता. पण तिथल्या आकडेवारीच्या कचेरीतल्या कोणा कारकुनानं ती मुदतीच्या आत फॅक्सनं परत केली, सही-शिक्क्यानिशी. तळाशी लिहिलं होतं, 'इथे मी एकटाच येतो. पगार नाही. जनरेटरमध्ये तेल आहे तोवर पाठवून देतो.' प्रशासन वेळेत उत्तर देतं असं यावरून ठरलं आणि भंगाचे तीन गुण कापले गेले.

हे तीन गुण जगात एका माणसाला फार महाग पडणार होते. तो मल्हारच्या वसतिगृहात शेजारच्याच खोलीत राहत होता.

त्याचं नाव ओनोरा. हैतीचा, उंच, हळू बोलणारा. पिण्याच्या पाण्याच्या नळयोजनांवर डॉक्टरेट करायला आलेला. दोघांचं स्वयंपाकघर एक. ओनोरा कोबीचं एक जहाल तिखट लोणचं बरणीत घालून ठेवायचा आणि मल्हार ते पोळीशी खायचा. लोणच्यावरून जुळलेली मैत्री फार टिकाऊ असते, हे वेगळं सांगायला नको. दर रविवारी चर्चमधून आला की ओनोरा फोनकार्डावरून आईला फोन लावायचा. आईचं घर दोन टोळ्यांच्या बरोब्बर हद्दीवर होतं. पुढचं दार एकीच्या मुलखात, मागचं दुसरीच्या. म्हातारी पुढच्या दारात कच्च्या केळ्याचे काप तळून विकायची आणि मागच्या दारातही विकायची. कढई एकच. दोन्हीकडची पोरं बंदूक भिंतीला टेकवून काप खायची, आणि त्यांतल्या निम्म्यांना तिनं लहानपणी नाक पुसायला शिकवलेलं असल्यामुळे हात धुऊन खायची.

एवढं असून तिनं मुलाला बजावलं होतं, "तू इकडे यायचं नाहीस. जर्मनीहून आलेला डॉक्टर म्हणजे यांना लॉटरी. उचलून नेतील आणि माझ्याकडे पैसे मागतील. आलास तर मी दार उघडणार नाही. दोन्ही दारं."

आणि नेमका ओनोराच्या पासपोर्टची मुदत संपत आली. नवा पासपोर्ट राजधानीतून यायचा, आणि राजधानीतून काहीच येत नव्हतं. मल्हार त्याच्याबरोबर परदेशी लोकांच्या कचेरीत गेला. टर्मिन घेतलेला होता, म्हणजे ठरलेली वेळ. जर्मनीत टर्मिनशिवाय देवसुद्धा प्रसन्न होत नाही. खिडकीवरच्या बाई सज्जन होत्या.

"पासपोर्ट नसेल तर राहण्याचा परवाना वाढवता येत नाही," त्या म्हणाल्या.

"पण आमचं सरकार पासपोर्ट देऊ शकत नाही," ओनोरा म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग तसं तुमच्या सरकारकडून लेखी आणा. देऊ शकत नाही म्हणून."

"ते लिहून द्यायलाही तिथे कोणी नाही."

बाईंनी नियम शोधला. नियम होता. (जर्मनीत नियम नाही अशी परिस्थिती उद्भवण्याविरुद्धही एक नियम आहे.) सरकार लेखी देण्याच्या पलीकडे गेलं असेल, तर मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला चालतो. त्यावर राज्यभंग निर्देशांक शंभर किंवा अधिक असला पाहिजे.

"सध्या किती आहे?" बाईंनी विचारलं.

"सत्त्याण्णव," मल्हार खाली मान घालून म्हणाला.

"अरेरे, थोडक्यात गेलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी ईस्टरपर्यंतची मुदत दिली. तोवर दाखला आला नाही तर ओनोरानं मायदेशी परतायचं.

आता इथे मल्हारनं जे केलं ते प्रेमापोटी केलं, हे लक्षात ठेवा. त्याच्या मनात असं आलं की, फॉर्म वेळेवर भरणं म्हणजे प्रशासन जिवंत असणं, हे गृहीतच चूक आहे. ते चूक आहे असं दाखवलं की तीन गुण परत मिळतील. त्यासाठी हवा एखादा नमुना, जो पूर्णपणे कोसळलेला आहे आणि तरीही सगळे कागद मुदतीत, तीन प्रतींत, सहीनिशी भरतो. असा नमुना कुठे मिळणार, या विचारात तो सायकलवरून घरी चालला होता. चर्चच्या चढावर त्याला त्रिसीमा मराठी मंडळ आठवलं.

त्रिसीमा मराठी मंडळ म्हणजे जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियम यांच्या हद्दी जिथे मिळतात त्या टापूतल्या मराठी लोकांची संघटना. सभासद एकसष्ट, घटना बत्तीस पानी. मागल्या गणेशोत्सवापर्यंत मंडळ एक होतं. त्या उत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळी, भाड्याचं सभागृह झाडून, पुसून परत करायची वेळ झाली तरी आरत्या चालूच होत्या. मुंबईकडच्या मंडळींच्या मते सगळ्या देवांच्या आरत्या झाल्याशिवाय आरती होत नाही. पुण्याकडच्यांच्या मते दोन आरत्या, मंत्रपुष्पांजली आणि घरी. सभागृहाच्या जर्मन रखवालदाराला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं घड्याळ पाहिलं आणि तिसऱ्या आरतीच्या दुसऱ्या कडव्याला दिवे घालवले.

अंधारात कोणी कोणाला काय म्हणालं याची दोन इतिवृत्तं उपलब्ध आहेत. दिवे लागले तेव्हा मंडळाला दोन अध्यक्ष होते. एक भास्करराव कोपर्डेकर, मूळचे ठाण्याचे, ड्युसेलडॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये. दुसऱ्या सुलेखाताई हर्डीकर, पुण्याच्या, इथे एका शाळेत गणित शिकवणाऱ्या. सामाईक मालमत्तेची वाटणी झाली ती अशी: चौरंग भास्कररावांकडे, समई सुलेखाताईंकडे. तबला भास्कररावांकडे, पेटी सुलेखाताईंकडे. कपाटाचं कुलूप एकाकडे, किल्ली दुसरीकडे. कुकरचं भांडं इकडे, शिट्टी तिकडे. दिवाळीत दोन्ही गटांनी एकाच हॉलवर एकाच वेळी टर्मिन घेतला, आणि दारात अपूर्वा नावाची विद्यार्थिनी 'आपले' आणि 'त्यांचे' वेगळे करायला बसवली. (नाका हा शब्द घटनेत नाही. तिला 'स्वागत समिती' म्हणत.) 'त्यांच्या'पैकी कोणी आलं तर त्याला हात जोडून, गोड बोलून, चकलीचा एक तुकडाही न देता परत पाठवायचं, असा आदेश होता.

आणि मग कीर्तन. सुलेखाताईंचे सासरे दिनकरबुवा वाईहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. उभं आयुष्य नारदीय कीर्तनात गेलेला माणूस. कोणी बोलावलं तर नाही म्हणणं त्यांना शिकवलेलंच नव्हतं. दोन्ही गटांनी त्यांना एकाच रविवारी बोलावलं. तोडगा निघाला. बुवांनी दुपारी कॅथलिक हॉलमध्ये सुलेखाताईंच्या गटासमोर, नुसत्या पेटीवर, पूर्वरंग केला. आणि संध्याकाळी इव्हँजेलिकल हॉलमध्ये भास्कररावांच्या गटासमोर, नुसत्या तबल्यावर, सुदाम्याचं आख्यान लावलं. परिणामी निम्म्या मंडळाला मैत्री निरपेक्ष असावी हे पटलं, पण कोणासारखी ते कळलं नाही. उरलेल्या निम्म्याला सुदामा पोहे घेऊन गेला हे समजलं, पण कशासाठी सांगितलं ते समजलं नाही. मधला अबीर-बुक्का कोणाच्या बाजूचा, यावर आजही पत्रव्यवहार चालू आहे.

मल्हार दोन्ही गटांत नव्हता. तो दोन्हीकडे चहा करायचा, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं दोघांनाही संस्थेची प्रश्नावली पाठवली. दोन्हीकडून उत्तरं मुदतीच्या आधी आली, तीन प्रतींत, पुरवण्या जोडून, आणि दोन्हींवर मंडळाचा शिक्का होता. (शिक्का तेवढा दोघांनी आपापला करून घेतला होता.) मल्हारनं घटक मांडले, बेरीज केली, पुन्हा केली.

मंडळाचा निर्देशांक आला एकशे चौसष्ट.

प्रोफेसरांनी तो कागद खिडकीपाशी नेऊन वाचला. त्यांचे डोळे पाणावले असं मल्हार म्हणतो. "हेर सबनीस," ते म्हणाले, "आयुष्यभर मी प्रमाण शोधतोय. पाणी कुठे उकळतं हे ठरवल्याशिवाय तापमापक करता येत नाही. पूर्ण कोसळणं म्हणजे काय, हे आज प्रथमच कळलं. आजपासून मराठी मंडळ म्हणजे शंभर. बाकीची राज्यं त्या मापानं मोजा."

तीन गुणांची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच नाही. मल्हारनं नव्या मापानं हैती मोजला. सत्त्याण्णव भागिले एकशे चौसष्ट, गुणिले शंभर.

हैती एकोणसाठ. 'किरकोळ भेगा. राहण्यास योग्य.'

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मल्हारनं ओनोराला सगळं सांगून टाकलं. ओनोरा कोबी चिरत होता. तो आधी हसला. डोळ्यांना पाणी येईतो हसला.

"एकोणसाठ," तो म्हणाला. "आईला सांगतो. आम्हाला आजवर कोणी पास केलं नव्हतं."

मग त्यानं सुरी खाली ठेवली. "मल्हार, तुमचं मंडळ इतकं कसं बिघडलं रे? तिथे गोळीबार होतो का?"

"नाही, ईमेल होतात," मल्हार म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून मल्हारची धावपळ सुरू झाली. संस्थेच्या नियमानुसार प्रमाण नमुन्याची ईस्टरपूर्वी प्रत्यक्ष फेरमोजणी व्हायची होती. तेव्हा मंडळ जरा बरं दिसलं तर त्याचे गुण उतरतील, माप बदलेल आणि हैती वर जाईल. मंडळ जेवढं एकत्र, ओनोरा तेवढा सुरक्षित, इतका सरळ हिशेब.

तो आधी भास्कररावांकडे गेला. भास्कररावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"थांब. शंभर म्हणजे आपण पहिले?"

"हो काका, पण कोसळण्यात."

"ते असू दे. युरोपात पहिले?"

"आतापर्यंत मोजलेल्यांत पहिलेच."

"त्यात आमच्या गटाचे किती? वेगळे काढता येतील का?"

मल्हारनं ओनोराच्या पासपोर्टचं सांगितलं. भास्कररावांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. "पोरगं परत जाता कामा नये," ते म्हणाले. "एकत्र यायला आमची काहीच हरकत नाही. आम्ही एकत्रच आहोत. फुटले ते. त्यांना सांग, या म्हणावं."

सुलेखाताईंनी पोह्यांची बशी पुढे केली आणि हेच वाक्य ऐकवलं. फरक एवढाच की त्यांनी घटनेतलं कलमही सांगितलं. "शिवाय बाळ," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा बोलवायचं कोणी? आपण बोलावलं आणि ते आले, तर आपण बोलावलं असं होईल ना."

आतल्या खोलीत दिनकरबुवा उपरण्याला इस्त्री करता करता मल्हारनं सांगितलेली ओनोराची आणि त्याच्या आईची हकीकत ऐकत होते. ते बाहेर येऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"सूनबाई, माझा व्हिसा संपत आला," ते म्हणाले. "इथे आल्यापासून मी एकही अख्खं कीर्तन केलेलं नाही. अर्धं दुपारच्या देवाला, अर्धं संध्याकाळच्या. परत गेल्यावर लोक विचारतील, बुवा, जर्मनीत काय केलंत. काय सांगू, सुदाम्याला दारातच उभा करून आलो?"

"अहो बाबा, पण त्यांनी तबला—"

"तबला मी मागतो. मला मागायची लाज नाही, जन्मभर मागूनच गातोय. पण कीर्तन त्या मुलाच्या आईसाठी करायचं. माझ्यासाठी नको, तुमच्या घटनेसाठीही नको. ती माउली दोन दारांतून दोन्हीकडच्या पोरांना एकाच कढईतलं घालते. आणि तुमच्याकडे कुकर इकडे, शिट्टी तिकडे."

सुलेखाताई उठल्या, कपाटातून समई काढून त्यांनी ती चिंचेनं घासायला घेतली. मल्हारनं ही घटना त्याच संध्याकाळी निर्देशांकात धरली. (सुधारणा: उणे चार.)

मग तह झाला. त्याच्या वाटाघाटी इथे सविस्तर देत नाही. युरोपनं तहांची सवय जगाला लावली आणि आपण तीत भर घातली एवढं पुरे. ठरलं ते असं: हॉल कॅथलिक नको, इव्हँजेलिकल नको. संस्थेच्या प्रयोगशाळेत, जिथे पोलादी तुळया वाकवून मोडतात, तिथे कीर्तन. चौरंग आणि समई एकाच वेळी, दोन बाजूंनी आत येतील. आरत्या किती, हे बुवा ठरवतील. स्वागत समिती सर्वांचं स्वागत करील. (या शेवटच्या कलमावर सर्वांत जास्त वेळ गेला.)

तर तो प्रयोगशाळेतला देखावा डोळ्यांसमोर आणा. वर पिवळी क्रेन, मध्ये यंत्रात अडकवलेली वाकडी तुळई, तिच्याखाली चौरंगावर विठ्ठलाची तसबीर, बाजूला समई. आग विझवायचं नळकांडं जवळ आणून ठेवल्यावरच समई लावायला परवानगी मिळाली. दिनकरबुवा फेटा बांधून उभे. डाव्या हाताला भास्करराव तबल्यावर, उजव्या हाताला सुलेखाताई पेटीवर. एकमेकांकडे न बघता त्या पेटीवर स्वर देत होत्या आणि ते त्याच स्वरात तबला लावत होते. प्रोफेसर डॉक्टर डॉक्टर क्लिंकमान पहिल्या रांगेत पाटी मांडीवर घेऊन खुणा करत होते: एकाच दारानं आलेले किती, एकमेकांना नमस्कार केलेले किती, नमस्कार चुकवण्यासाठी चप्पल शोधण्याचा बहाणा केलेले किती.

झांज वाजवायला कोणी नव्हतं. बुवांनी ओनोराला खूण केली. ओनोरा चर्चमध्ये गाणारा माणूस, त्याला ठेका सांगावा लागला नाही. दुसऱ्या आवर्तनाला झांज अशी बसली की भास्कररावांनी मान डोलावली, आणि चुकून ती सुलेखाताईंच्या दिशेनं डोलावली. सुलेखाताईंनी चुकून ती घेतली. प्रोफेसरांनी खूण केली.

बुवांनी पूर्वरंग केला, बुक्का लागला, आणि त्याच दमात त्याच हॉलमध्ये सुदामा निघाला. काखेत पोह्यांची पुरचुंडी. दाराशी पोचला तेव्हा बुवा थांबले आणि साध्या आवाजात म्हणाले, "मंडळी, याला इथे कोणी विचारलं नाही की तू आपला की त्यांचा." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नाक्यावर बसणारी अपूर्वा डोळे पुसत होती. मग गजर झाला, आणि प्रयोगशाळेतली तुळई त्या आवाजानं किंचित थरथरली. यंत्राच्या पट्टीवर तशी नोंद आहे.

प्रयोगशाळेचा रखवालदार दिव्याच्या बटणापाशी उभा होता. बुवांनी त्याच्याकडे बघितलं, हात जोडले आणि एकाच आरतीत कीर्तन संपवलं. मुंबईकरांनी ते सोसलं.

फेरमोजणीचा निकाल आठवड्यात आला. त्या एकोप्याच्या संध्याकाळीसुद्धा मंडळाचे अठ्ठ्याऐंशी भरले. (इतिवृत्त दोघांनी लिहिलं होतं.) पण प्रमाण ते प्रमाण. अठ्ठ्याऐंशी म्हणजे शंभर, तर सत्त्याण्णव म्हणजे किती, हे कुठल्याही मुलाला विचारा. हैती एकशे दहा. 'कोसळलेलं.' प्रोफेसरांनी दाखल्यावर सही केली आणि मल्हारचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. एका संध्याकाळच्या भजनानं अर्ध्या पृथ्वीपलीकडचं राज्य कोसळतं, हे त्यांना शास्त्राच्या दृष्टीनं फार आशादायक वाटलं.

खिडकीवरच्या बाईंनी दाखला वाचला, शिक्का मारला आणि ओनोराला मनापासून म्हणाल्या, "वा. जमलं एकदाचं." परवाना दोन वर्षांनी वाढला.

रविवारी ओनोरानं स्वयंपाकघरातून आईला फोन लावला. मल्हार शेजारीच होता. ओनोरा एकेक वाक्य त्याला जर्मनमध्ये सांगत होता.

"आई, मी इथेच राहतोय. कागद मिळाला. आपलं राज्य कोसळलं म्हणून लिहून दिलंय."

पलीकडे तेल तडतडत असल्याचा आवाज आला.

"बरं झालं कळवलंस," म्हातारी म्हणाली. "मला इथे कोणी सांगितलं नव्हतं." आणि मग, "ते तुझे भांडणारे लोक, ते जेवले का त्या दिवशी?"

"एकत्र जेवले."

"मग चांगले आहेत रे ते. त्यांना सांग, कढई एक ठेवा. दारं काय, असू देत दोन."

निरोप मल्हारनं दोन्ही गटांना पोचवला. तो दोन्ही गटांना अतिशय आवडला. तो आधी कोणाला उद्देशून होता, यावर पुढच्याच आठवड्यात मंडळ पुन्हा फुटलं. फेरमोजणी दोन वर्षांनी आहे, तोवर प्रोफेसरांना कळवू नये यावर मात्र दोन्ही गटांचं एकमत आहे, आणि तसा ठराव दोन्ही शिक्क्यांनी मंजूर झाला आहे.

कथा संपली. उठू नका, एवढं ऐकून जा.

इतका वेळ तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत. प्रोफेसरांना किती डॉक्टरक्या, हे तुम्हाला सांगता येईल. दोन्ही अध्यक्षांची आडनावं, कोणाकडे तबला, कोणाकडे शिट्टी, मंडळाचे गुण किती, सगळं तोंडपाठ झालं असेल. ज्या बाईच्या मुलासाठी हा सगळा खटाटोप झाला, जिच्या दाराला गोळ्या लागत होत्या आणि जिनं तुमच्या-आमच्या जेवणाची चौकशी केली, तिचं नाव काय, हे मात्र आपल्यापैकी एकानंही विचारलं नाही. हैती कितीवर आहे तेवढं विचारत राहिलो. तेव्हा आपले गुण आपणच काढावेत. प्रश्नावली लागणार नाही.

तिचं नाव मेरीसिया. आज देवापुढे दिवा लावाल तेव्हा घरच्यांची नावं घेऊन झाल्यावर एक हेही घ्या. सावकाश घ्या, परकं नाव आहे, पहिल्यांदा जिभेवर नीट बसत नाही.